शनवारचा वस्तरा

टिकारामानं बाबुलालच्या तळहातावर आपला तळहात असा हाणला, की सायकल दुकानाच्या आढ्यावर बसलेलं कबुतर उडून गेलं.

"बोली पक्की. रविवारी चौबेसाहेब टीव्हीवर दिसला, तं तुह्या मिशा जागेश्वरच्या वस्तऱ्याखाली. भर चौकात."

"आन् नाही दिसला तं तुह्या."

"मले आहेत कुठं?" टिकारामानं आपल्या सपाट ओठावरून बोट फिरवलं. "मी म्हशीवर उलटा बसून पुरं एकोडी गाव फिरीन. जाय."

बाबुलालनं मान हलवली खरी, पण हात सोडवून घेतल्यावर त्याला वाटलं, हे आपण काय करून बसलो? माणूस मेला, हे खरं ठरवायला आपण पैज लावली.

त्या गुरुवारी सकाळी रेडिओवर सातच्या बातम्यांत त्यानं ऐकलं होतं. दुकानात एकटाच होता, समोर पंक्चर काढायला ट्यूब पाण्यात बुडवलेली. दर रविवारी टीव्हीवर जंगल दाखवणारे, अजगराच्या पाठीवरून नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवणारे चौबेसाहेब काल अकस्मात गेले. कार्यक्रमाचं काम चालू असतानाच, हृदयविकारानं. वाघानं खाल्लं नाही, नागानं डसलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या. पुढं बाजारभाव सुरू झाले, तरी बाबुलालचा हात पाण्यातच होता.

मग त्यानं गल्लीत सांगितलं, आणि गल्ली हसली. हसणारच. मागच्या पोळ्याला यानंच साकोलीत सर्कसवाले म्हातारा हत्ती फुकट देऊन राहिले म्हणून तेरा माणसं पायी पाठवली होती, त्यातला टिकाराम तर सोबत दोरखंड घेऊन गेला होता. असल्या वेळी बाबुलाल डाव्या मिशीला पीळ देत अगदी गंभीर चेहऱ्यानं बोलायचा. पन्नाशीला आला, तरी शपथ घेऊन सांगितलेली त्याची गोष्ट कोणी चटकन खरी मानत नसे.

समोरच्या छपरीत गोदावरीबाई तांदूळ पाखडत होती. पैज लागली तेव्हा तिचं सूप क्षणभर थांबलं. तिनं बाबुलालकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि सूप पुन्हा हलायला लागलं.

"त्याले काय होते?" ती म्हणाली. "दिवाळी झाली का येतो म्हणून लिहिलं आहे त्यानं मले."

साहेबाचं ते कार्डही बाबुलालमुळंच आलेलं. गोदावरीबाईच्या तलावाखालच्या धानाच्या बांधीत आषाढात सारसाच्या जोडीनं घरटं केलं. तिचा नवरा होता तोवर तो जंगलखात्यात मजुरीला होता, रोज संध्याकाळी तिला कोण कुठं दिसलं ते सांगायचा. तो गेल्यापासून हे सांगणारा फक्त चौबेसाहेब. म्हणून तिनं बाबुलालला पकडलं, "साहेबाले लिही, मह्या घरी पाहुणे आले म्हणून." त्यानं गंमत म्हणून लिहिलं, आणि महिन्याभरानं खरंच उत्तर आलं. साहेबाच्या हातचं, हिंदीतून. अंड्यांजवळ कोणाला जाऊ देऊ नका, दिवाळीनंतर मी स्वतः पाहायला येतो. तेव्हापासून तिनं त्या बांधीच्या कोपऱ्यात कोणाला पाय ठेवू दिला नव्हता. पाहुण्याला पाणी द्यायला नवऱ्याच्या वेळचा पितळी लोटा चिंचेनं घासून वेगळा ठेवला होता, त्यातून ती स्वतःही पाणी पीत नसे.

शुक्रवारी बाबुलाल सायकल हाणत साकोलीला गेला आणि नागपूरचा पेपर घेऊन आला. काळ्या चौकटीत साहेबाचा फोटो, खांद्यावर घुबड. आता बोल म्हणावं टिकाराम. पेपराची घडी करून त्यानं बंडीच्या खिशात ठेवली आणि रविवारची वाट पाहिली.

रविवारी टिकारामाच्या खोलीत नेहमीसारखीच दाटी. गोदावरीबाई टीव्हीसमोर पहिल्या जागेवर, डोक्यावरून पदर घेऊन. परक्या पुरुषासमोर बसायचं तर तसंच बसायचं, तो पेटीतला असला तरी. कार्यक्रमाची वेळ झाली आणि लाईन गेली. पाच मिनिटं सगळे अंधाऱ्या काचेत आपापली तोंडं पाहत बसले. लाईन आली तेव्हा चौबेसाहेब छातीभर पाण्यात उभे होते, हसत.

खोलीत जो कल्ला झाला, त्यानं टिकारामाची म्हैस बाहेर हंबरली.

"मेला म्हणे!" टिकाराम उड्या मारायचा तेवढा बाकी होता. "काढ रे मिशा!"

हे आधीच काढून ठेवलेलं असते लेकहो, माणूस मेला तरी पेटीत राहते. हे वाक्य बाबुलालच्या जिभेवर होतं, आणि हात खिशातल्या घडीवर. तेवढ्यात गोदावरीबाईनं टीव्हीला हात जोडले.

"नमस्कार साहेब," ती हळूच म्हणाली. "दोन्ही पिल्लं निघाले. मोठा थोडा लंगडते. पण चालते."

साहेब पाण्यातून म्हणाले, "धीरे चलिए। घर इनका है, मेहमान हम हैं।" दर वेळी शेवटी म्हणत तसंच. म्हातारीनं मान डोलावली.

बाबुलालचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"हारलो बाप्पा," तो म्हणाला.

"चाल मंग, जागेश्वरले हाक मारतो."

"आज नाही," गोदावरीबाई उठत म्हणाली. "शनवारी."

"शनवारी?" टिकाराम हसला. "मावशी, शनवारी कोणी गालाले वस्तरा लावते का? जागेश्वर तं पेटीही उघडत नाही."

"उघडंल. मी सांगीन त्याले. शनवारीच."

म्हातारीची लहर, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

मंगळवारी टिकाराम साकोलीच्या बाजारातून आला तो थेट दुकानात. पिशवी खाली ठेवायचीही शुद्ध नव्हती.

"बाबू, तू खरं सांगून राहिला होता."

"हाव."

"मंग बोलला काहून नाही? राहू दे मिशा. मीच बसतो म्हशीवर."

"तू म्हशीवर बसला, तं म्हातारी इचारंल काहून बसला. काय सांगशील?" बाबुलालनं ट्यूबला हवा मारायला घेतली. "दिवाळीपर्यंत तरी तिले कळू द्यायचं नाही. पिल्लं उडू दे. मंग पाहू."

टिकारामानं गल्लीभर घरोघर जाऊन बजावलं. बाबुलालनं आजवर अख्ख्या गावाला फसवलं होतं. आता अख्खं गाव मिळून एकीला फसवायला लागलं.

शनवारी सकाळी चौकातल्या कडुलिंबाखाली माणसं जमली. जागेश्वर न्हाव्यानं शनवारची पेटी उघडली, पण कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. बाबुलाल पाटावर बसला. लोक हसत होते, गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच.

"जपून रे जागेश्वर, आत घुशी असतीन!"

"सरकारले कळवा, जंगल तोडून राहिले म्हणून!"

बाबुलालही हसला. तीस वर्षांची मिशी वस्तऱ्याच्या दोन हातांत मांडीवर येऊन पडली. ओठावर वारा लागला आणि त्याला उगाच उघडं पडल्यासारखं झालं.

गर्दी बाजूला सरली. गोदावरीबाई आली होती. हातात तो पितळी लोटा, लख्ख, आणि त्यातून वाफ निघत होती.

"अर्धंच कायले ठेवतो, जागेश्वर?" ती म्हणाली. "डोस्कंही काढ."

हसणं थांबलं. जागेश्वरचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला, बुधवार, गुरुवार, शुक्रवार... दहा पेरं झाली, तरी एक दिवस उरला. मग त्यानं बुधवार सोडून रेडिओवरच्या गुरुवारपासून पुन्हा मोजलं. दहाव्या पेरावर शनवार आला. त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला.

बाबुलालनं खालूनच विचारलं, "मावशी... तुले कोणं सांगितलं?"

"तूच तं सांगितलं. गुरुवारी." तिनं लोट्यातलं पाणी बोटानं चाचपून पाहिलं. "तुहा हात मिशीवर नोता."

बाबुलालनं मान खाली घातली. तिनं कोमट पाणी त्याच्या डोक्यावर सोडलं, सावकाश, घासून ठेवलेला लोटा पुरता रिकामा होईपर्यंत.

टिकारामानं टोपी काढून खिशात कोंबली, आणि बाबुलालच्या मागं जाऊन उकिडवा बसला.