दोन सह्यांचा टीव्ही

तिसरा टीव्ही घरात आला तेव्हा जोडणीवाल्याने तो भिंतीवर चढवण्याआधीच हात जोडले. सत्याहत्तर इंची पडदा, उचलायला दोन माणसं, आणि जिन्याच्या वळणावर तो कधी उभा तर कधी तिरका करता करता दोघांच्याही नाकीनऊ आलेले. त्याचं म्हणणं सरळ होतं. पहिला पिवळट म्हणून नेला, दुसराही पिवळट म्हणूनच नेला. हाही पिवळट वाटला तर सात दिवसांच्या आत परत घेऊ, पण चौथा आणणार नाही, दुकानाने तसं निक्षून सांगितलंय.

मास्तरांनी मान डोलावली आणि भिंतीला पातळीची पट्टी लावली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं शेडमास्तर होते. गिऱ्हाईकाने बोटाएवढी चिंधी पाठवायची आणि कारखान्याने तिच्यासारखं हजारो वार कापड रंगवायचं, आणि दोन्ही रंग खरंच एक आहेत की नाहीत ते मास्तरांनी सांगायचं. त्यांनी "पास" म्हटलं की गठ्ठे गाडीत चढत. "नापास" म्हटलं की मालकसुद्धा हुज्जत घालत नसे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मोठी ऑर्डर असली की कारखाना त्यांना बोलावून घेई. येत्या सोमवारीही गडद निळ्याची एक ऑर्डर तपासायला जायचं होतं.

आणि याच सोमवारची मास्तरांना धास्ती होती. मागच्या महिन्यात त्यांनी दोन गठ्ठे एकाच निळ्याचे म्हणून पास केले, तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकून आता स्वतः शेडमास्तर झालेली बाई त्यांच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली. त्याच आठवड्यात ते एका पायात निळा आणि दुसऱ्या पायात काळा मोजा घालून लग्नाला जाऊन आले. मोज्याचं खापर त्यांनी कपाटातल्या अंधारावर फोडलं. बाईच्या नजरेचं खापर कशावर फोडायचं ते मात्र सुचेना. तेवढ्यात लेकीने आईबाबांना टीव्ही घेऊन द्यायचं ठरवलं, तो आला, आणि पिवळट निघाला. मास्तरांना एवढा आनंद झाला की त्यांनी तो लपवायला कपाळाला आठ्या पाडल्या. यंत्रं वाईट निघत होती म्हणजे डोळा शाबूत होता. टीव्हीत खोट निघणं ही आता त्यांची गरज होती.

तपासणी त्यांनी रीतसर केली. कारखान्याच्या तपासणी पत्रकांचा एक अख्खा गठ्ठा आणि "पास", "नापास" असे दोन रबरी शिक्के ते निवृत्तीच्या दिवशी बरोबर घेऊन आले होते. एका पत्रकावर त्यांनी "नमुना: टीव्ही, तिसरा" असं लिहिलं. टेप लावून सोफा पडद्यापासून नेमक्या अंतरावर आणला. त्या अंतरावर सोफा स्वयंपाकघराच्या दारात येत होता, त्यामुळे पुढचे सात दिवस चहा सोफ्याच्या पाठीवरून हातोहात आला. लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरून कपाटावर गेला.

पहिल्या दिवशी काळ्याची परीक्षा झाली. मास्तरांच्या मते पांढरा कोणीही दाखवतो, यंत्राची लायकी काळ्यात कळते. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून ते काळ्या पडद्यासमोर तासभर बसले. बायकोने दोनदा येऊन टीव्ही चालू आहे का असं विचारलं. चालूच तर आहे, म्हणून तर इतका काळा दिसतोय, असं त्यांनी समजावलं, आणि काळ्याच्या रकान्यात "उत्तम" लिहिलं. दुसऱ्या दिवशी कोनांची परीक्षा. सोफ्यावरून, खुर्चीवरून, जमिनीवर आडवं होऊन आणि शेवटी बाल्कनीतून काचेतून डोकावून पाहिलं. शेजारच्यांनी किल्ली हरवली का म्हणून विचारलं. मग हालचालीची परीक्षा. जुन्या सिनेमातली माणसं चालायच्या ऐवजी घसरत जाताना दिसली, तेव्हा कुठलीशी सोय बंद केल्यावर ती पायांवर आली.

या सगळ्यात बायकोला एकच गोष्ट तपासायची होती, गेम. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्तीनंतर बोटांना काही काम राहिलं नाही म्हणून ती परगावच्या बहिणीबरोबर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळू लागली, आणि आता त्यात दोघी अशा तरबेज होत्या की लेकीच्या ऑफिसातली पोरं त्यांच्याकडून हरत. बटण दाबल्यावर पडद्यावरची गाडी वळायला किंचित जरी उशीर झाला तरी तिला तो बोटात जाणवे. पण मास्तर रिमोट सोडतील तर ना. ते म्हणत, आधी रंग, मग तुझी गाडी.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्याची पाळी आली. मास्तरांनी कारखान्यातल्या सवयीने डावा डोळा मिटला, उजव्याने कोरा पांढरा पडदा पाहिला आणि सुस्कारा सोडला. हाही पिवळट. पण चौथा टीव्ही मिळणार नव्हता, म्हणून या वेळी त्यांनी रंगांची यादी उघडली आणि जन्मभराचं काम सुरू केलं. पिवळा काढला, निळा घातला, पुन्हा पाहिलं, पुन्हा निळा घातला. संध्याकाळी कुठे पडदा पांढराशुभ्र झाला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. कंपन्या रंग चुकवून पाठवतात आणि जाणत्या माणसाला तो दुरुस्त करावा लागतो, असं त्यांनी त्या रात्री जेवताना तीन वेळा सांगितलं.

बायको पडद्याकडे बघत घास चावत राहिली. बातम्या देणारी बाई बर्फाच्या लादीवर बसवल्यासारखी निळी पडली होती. ती पुराची बातमी देत होती, त्यामुळे निदान प्रसंगाला शोभत होतं. पुढे क्रिकेटचं मैदान आलं, ते समुद्रासारखं दिसलं. बायकोने नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहिलं आणि भाजी वाढली. लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने मात्र लगेच विचारलं, "बाबा, बातम्या निळ्या का दिसतायत?" मास्तरांनी सांगितलं की तिच्या फोनचा पडदा हलका आहे.

असे आणखी तीन दिवस गेले.

सातव्या दिवशी सकाळी अकराला जोडणीवाला निर्णय विचारायला येणार होता. मास्तरांनी पत्रक पूर्ण केलं, सही केली, "पास"चा शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि आधी वाचून दाखवावं म्हणून बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मग बोट तळाशी नेऊन ठेवलं.

"अहो, इथे दोन्हीकडे तुमचीच सही आहे."

"मग? टीव्ही मीच तपासला."

"रंगही तुम्हीच लावलात. आणि खाली काय छापलंय बघा. मिसळणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही एकच असल्यास पत्रक रद्द. हे कोणी छापून घेतलं होतं?"

ते मास्तरांनीच छापून घेतलं होतं. माणूस स्वतःच्या रंगाच्या प्रेमात पडतो, म्हणून ज्याने रंग मिसळला त्याने तो पास करायचा नाही, दुसरा डोळा हवाच, या एका नियमापायी ते एकदा मालकाच्या भावाशी भांडले होते. या भांडणाची गोष्ट बायकोने गेल्या तीस वर्षांत इतक्यांदा ऐकली होती की ती मध्येच कुठूनही पुढे सांगू शकली असती. मास्तरांनी शिक्का खाली ठेवला. बरं, तू कर दुसरी सही, असं ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा मास्तर नव्हता.

"करते. पण माझ्या डोळ्यांना जे दिसतं त्यावर करीन," ती म्हणाली.

तिने रिमोट घेतला आणि आठ-दहा बटणं अशी भराभर दाबली की मास्तर बघतच राहिले. तिला ती यादी तोंडपाठ होती. मग कळलं की गेले तीन दिवस ते आंघोळीला गेले की ती त्यांचे आकडे एका चिठ्ठीवर उतरवून घेत होती, कंपनीचे मूळ रंग लावून बहिणीशी दोन शर्यती खेळत होती आणि ते टॉवेल गुंडाळून बाहेर यायच्या आत त्यांचे आकडे जसेच्या तसे परत लावत होती. निळ्या बाईच्या बातम्या मात्र ती संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून मुकाट्याने बघत होती.

"सांगितलं का नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"काय सांगणार होते? टीव्हीबद्दल असतं तर सांगितलं असतं."

तिने पडद्यावर कोरा पांढरा रंग आणला, त्यांना सोफ्यावर बसवलं आणि डावा डोळा झाकायला सांगितलं. त्यांनी झाकला. पडदा पिवळट होता, तिन्ही टीव्ही होते तसाच, पाणी घातलेल्या चहासारखा. त्यांनी तसं जरा विजयाने सांगितलं. मग तिने उजवा झाकायला सांगितलं.

पडदा पांढरा झाला. अगदी शुभ्र नाही, पण बराच पांढरा. मास्तरांनी हात बदलला. पिवळा. पुन्हा बदलला. पांढरा. असं त्यांनी दहा-बारा वेळा केलं, आणि बायको तोवर शेजारी नुसती बसून राहिली. टीव्ही तोच, सोफा तोच, सकाळचा उजेडही तोच. बदलत होता तो एकच नमुना, आणि तो चौतीस वर्षं कोणी तपासला नव्हता. मास्तरांना भीती वाटली, अगदी साधी भीती. ज्या डोळ्यावर सगळं आयुष्य काढलं तोच इतके दिवस खोटं सांगत होता, आणि त्याच्या शब्दावर त्यांनी दोन टीव्ही जिन्यातून खाली पाठवले होते. दोन गठ्ठेही पास केले होते.

"मोतीबिंदू असेल," बायको म्हणाली. "माझ्या बहिणीलाही सगळं पिवळं दिसायचं. काढल्यावर तिला कळलं, घराचा रंग आपल्याला आवडतच नाही."

मास्तरांना हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. ते उठले आणि फोन घेऊन खिडकीपाशी गेले. हा फोन त्यांनी निवृत्तीच्या भाषणापेक्षाही जड मनाने केला. कारखान्यातल्या बाईला त्यांनी सांगितलं की सोमवारी ते येणार नाहीत, डोळा नापास झालाय, आणि मागच्या महिन्यातले दोन निळे गठ्ठे पुन्हा तपासून घे. मग ती हळूच म्हणाली की ते गठ्ठे तिने त्याच दिवशी बाजूला काढून ठेवले होते, मास्तरांना कसं सांगावं ते तिला कळत नव्हतं. सोमवारचा निळा मीच पास करू का, असं तिने विचारलं.

"मिसळला कोणी?"

"मीच."

"मग तू नाही. दुसरा डोळा शोध," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवताना त्यांचा आवाज बराचसा जागेवर आला होता.

अकराला जोडणीवाला आला तो दारातच थबकला. घोंगड्या निघाल्या होत्या, सोफा भिंतीला गेला होता, आणि बायको पुढे सरसावून शर्यत खेळत होती. मास्तर हातात पत्रक घेऊन शेजारी उभे. फेरी संपेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. बटण दाबल्याबरोबर गाडी वळते, असं बायकोने जाहीर केलं, पत्रकावर दुसरी सही केली आणि "पास"चा शिक्का असा ठोकला की टेबलावरचा चहा हिंदकळला. जोडणीवाल्याने त्या पत्रकाचा फोटो काढून घेतला, दुकानात दाखवायला. जिना उतरताना तो शीळ घालत होता.

पत्रकावर मास्तरांनी खाली आणखी एक ओळ लिहून ठेवली होती. नमुना: उजवा डोळा. दोष: पिवळट. तिथे सही करायला बायकोने नकार दिला. ते डॉक्टरांचं काम, असं ती म्हणाली, आणि तिने साडेबाराची वेळही घेऊन टाकली होती. गेल्या मंगळवारीच घेतली होती, असं तिने दार उघडता उघडता सांगितलं.

मास्तर तयार होऊन बाहेरच्या खोलीत आले. बूट घालायच्या आधी ते खुर्चीवर बसले, दोन्ही पाय बायकोसमोर पुढे केले आणि थांबले. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. ती वाकून बघू लागली.

"नापास," ती म्हणाली, आणि दुसरा निळा मोजा शोधायला आत गेली.