इस्त्रीपाशीचा अभ्यास

आई गेली आणि आत्यानं टुमणं लावलं, "पोरीला प्रवेश परीक्षेच्या क्लासला घाला." हिला कोणी विचारलंय! मला घरीच अभ्यास करायचा होता, आई असताना करायचे तसा. आमच्या इस्त्रीच्या दुकानात ती कपड्यांना इस्त्री करता करता प्रश्न वाचायची, मी उत्तरं द्यायचे. भौतिकशास्त्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण माझा आवाज जरा डळमळला की हातातली इस्त्री थांबायची. "थापा मारू नकोस. परत सांग."

"मग मी विचारतो," बाबा म्हणाले. आईच्या जागी उभं राहून, एका हातानं इस्त्री फिरवत त्यांनी प्रश्न वाचला. मी मुद्दाम चुकीचं उत्तर ठोकून दिलं, तेही अडखळत.

इस्त्री थांबली. थाप पकडली बहुतेक!

"शाब्बास!" बाबांचे डोळे भरून आले होते. "जमतंय ना मला, तुझ्या आईसारखं?"

"जमतंय की," मी म्हणाले. "पण आत्याचं खरंय. मी क्लासलाच जाते. मला आवडेल."

माझा आवाज पार डळमळला. बाबांची इस्त्री पुढच्या शर्टावर फिरतच राहिली.