सहा वाजताची हजेरी

मित्रांनो, माझ्या डोक्यावर पेल्याच्या बुडाची एक गोल खूण आहे. एक बाई रोज संध्याकाळी येर्बा नावाच्या पाल्याच्या काढ्याचा गरम पेला माझ्यावर ठेवायची आणि रोज स्वतःलाच म्हणायची, "अगं बाई, पुन्हा इथंच ठेवला!" मी एक जुना बिनतारी संच आहे. चिलीच्या दक्षिणेला, चिलोए बेटाजवळच्या एका लहानशा बेटावर, एका स्वयंपाकघरात माझं सारं आयुष्य गेलं.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात बारीक तारा डाग देऊन जोडल्या गेल्या. माझे भाऊबंद होड्यांवर गेले, वादळवाऱ्यात नाचले, काही समुद्राच्या तळाशीही गेले. मी जमिनीवर आलो, घोंगडीत गुंडाळून. चुलीपासून चार हातांवर मला फळी मिळाली. छपरावर माझी उंच काठी उभी राहिली आणि पायाशी एक बॅटरी आली. मधे एकही तार नाही, तरी तीस होड्यांचे आवाज त्या काठीवरून माझ्यात उतरायचे. याचं नवल मला आजही वाटतं.

माझ्यापुढे बसणाऱ्या बाईचं नाव एदेल्मिरा. तिचा नवरा लवकर गेला होता. मुलगी निएवेस शिकायला पुएर्तो मोंत शहरात गेली आणि तिथेच शाळेत शिक्षिका झाली. वस्तीवरच्या कोळ्यांनी हजेरी घेण्याचं काम एदेल्मिराला दिलं. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ती कळ दाबायची आणि एकेका होडीचं नाव घ्यायची. होडीवरचा माणूस आपण कुठे आहोत ते सांगायचा. ती वहीत लिहून घ्यायची आणि म्हणायची, "ऐकलं. जपून या."

पण मित्रांनो, त्या हजेरीत एक गंमत होती. ती सगळी खोटी असायची! माझ्यातून बोललेलं सगळ्या होड्यांना ऐकू जातं. मग मासा लागलेली जागा कोण सांगणार? ज्याच्या होडीत पाय ठेवायला जागा नसेल, तोच रडक्या आवाजात म्हणायचा, "इथं काही नाही, नुसतं पाणी." आणि जागाही भलतीच सांगायचा. म्हातारा आन्सेल्मो तर चिडवायचा, "एदेल्मिराताई, तुझ्या भावाला मासा दिसला की त्याची जीभ वाकडी होते बघ!"

"आणि तुमची कधी सरळ होती, आन्सेल्मोदादा?" ती उलट विचारायची. तीसच्या तीस होड्या हसायच्या. ते हसू मला फार आवडायचं.

एदेल्मिरा ते खोटं वहीत लिहायची, पण तिचे कान दुसरंच ऐकत असायचे. डोंगर आडवा आला की आवाज तुटतो. लांबून आला की त्यात वाळू चाळल्यासारखी खरखर असते. हे सगळं माझ्यातून जात होतं, पण मला त्याचा अर्थ कळत नव्हता. तिला कळत होता. वाटाणे सोलता सोलता ती डोकं जरा कलतं करायची आणि पुटपुटायची, "लबाड! हा तर उत्तरेला आहे." कुणाची खरी जागा तिने कधी दुसऱ्याला सांगितली नाही.

एका जुलैतला दिवस मी विसरणार नाही. आमच्याकडचा तो ऐन हिवाळा. तिचा धाकटा भाऊ बेलार्मिनो आपला जोडीदार रोसेन्दो याला घेऊन 'एस्त्रेया' नावाच्या होडीवर गेला होता. दुपारी त्याने आपणहून कळवलं, "काइवेन बेटाच्या मागे आहोत. नुसतं पाणी." तीन वाजता वारा फिरला. माझ्यात अचानक त्याचा आवाज आला, "ताई, इंजिन बंद पडलंय, बॅटरीत पाणी शिरलंय, आम्ही..." आणि पुढे नुसती खरखर.

उजेड दोन तासांचा उरला होता. जवळच्या सहा होड्यांनी तोंडं वळवली आणि काइवेनकडे निघाल्या. बेलार्मिनोची बायको सेल्मिरा भिजलेल्या शालीसह स्वयंपाकघरात धावत आली.

एदेल्मिराने माइक हातात घेतला, पण कळ दाबली नाही. "तो काइवेनला नाही," ती म्हणाली.

"वन्सं, दुपारी त्यांनी स्वतः सांगितलं ना!"

"तो रोजच काहीतरी सांगतो गं. काइवेनच्या मागून बोलणारा माणूस गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. मधे त्या बेटाचा डोंगर येतो. बेलार्मिनो दुपारी स्वच्छ आला. आत्ताही स्वच्छ आला. तो पश्चिमेला आहे, उघड्या समुद्रात."

"आणि तुम्ही चुकलात तर? सगळ्या होड्या भलतीकडे जातील. माघारी फिरायला उजेड तरी आहे का?"

एदेल्मिराने खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं. पश्चिमेला कुठे, तेही तिला माहीत होतं. तिच्या वडिलांनी पाण्याखालचा एक खडक शोधला होता. घंटाघराचं टोक आणि जळका डोंगर एका रेषेत आले की होडी त्या खडकावर असते. तिथे हिवाळ्यातही काँग्रिओ मासा मिळायचा. या घराची चूल त्या खडकावर पेटत होती, आणि वडिलांनी दोन्ही मुलांकडून वचन घेतलं होतं की ही जागा बिनतारीवर कधी बोलायची नाही.

तिने अंगठा माझ्या कळेवर ठेवला. मग तिने तो घट्ट दाबला.

"सगळ्यांनी ऐका. काइवेनला जाऊ नका. पश्चिमेला वळा. घंटाघराचं टोक जळक्या डोंगराला लागेल तिथे पाण्याखाली आमच्या बाबांचा खडक आहे. बेलार्मिनो तिथे आहे."

आन्सेल्मोने विचारलं, "ताई, खात्री आहे?"

"माझ्या कानांची आहे."

"मग झालं. वळा रे!"

त्या दोन तासांत सेल्मिराने एकदाही बसून घेतलं नाही. एदेल्मिराने काढ्याला तोंड लावलं नाही. पाच वाजून गेल्यावर आन्सेल्मोचा आवाज आला, "दोघंही भिजलेत, पण बोलताहेत. ताई, तुझा भाऊ पहिलं काय म्हणाला सांगू? 'तुम्हाला ही जागा कुणी दाखवली?' चोर कुठला!"

सेल्मिरा रडता रडता हसली. एदेल्मिराने वही उघडली आणि त्या दिवसाच्या पानावरचं 'काइवेन' खोडलं.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी त्या खडकावर एकही होडी गेली नाही. कधीच गेली नाही. त्याऐवजी आन्सेल्मो एक चिठ्ठी घेऊन दारात आला. घडी घातलेली, वर होडीचं नाव. "आत खरी जागा आहे. परत आलो की न उघडता चुलीत टाक. नाही आलो तर उघड." तेव्हापासून सगळेच अशा चिठ्ठ्या देऊ लागले आणि माझ्याशेजारी पत्र्याचा एक डबा आला. माझ्यातून खोटं जायचं, डब्यात खरं राहायचं. वर्षानुवर्षं तिने त्या चिठ्ठ्या न उघडता जाळल्या. उघडायची वेळ दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा माणसं सापडली.

पुढे बेटावर मोबाइलचा मनोरा आला. तरणी पोरं हजेरीला फोन करू लागली. माझ्यावर पीठ आणि धूळ साचू लागली. एदेल्मिरालाही फोन मिळाला, निएवेसने घेऊन दिलेला. दर रविवारी ती माझ्याशेजारी बसून लेकीशी बोलायची. शेवटच्या हिवाळ्यात मी तिचं बोलणं ऐकत होतो. "काही नाही गं, जरासा खोकला. इथं सगळं ठीक आहे." दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. इतकी वर्षं तिच्याजवळ राहून एवढं मलाही कळायला लागलं होतं. पण कुणीतरी कळ दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

तिला होडीने कास्त्रो शहराच्या इस्पितळात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. निएवेस पोचली तेव्हा उशीर झाला होता.

सगळं आटोपल्यावर निएवेस स्वयंपाकघर आवरायला बसली. डब्यात एक चिठ्ठी होती. वर होडीचं नाव नव्हतं. आईच्या अक्षरात 'एदेल्मिरा' एवढंच होतं.

"परत आल्या नाहीत त्या," सेल्मिरा हळूच म्हणाली. "म्हणजे उघडायला हवी."

निएवेसने उघडली आणि मोठ्याने वाचली. "कास्त्रोचं इस्पितळ. श्वास पुरत नाही. निएवेसला खोटी जागा सांगितली आहे, तिच्या शाळेतल्या मुलांच्या परीक्षा आहेत."

तिने चिठ्ठी पुन्हा होती तशी घडी केली. ती चुलीपुढे गेली, पण चिठ्ठी आत टाकली नाही.

तेवढ्यात सहा वाजले. जुन्या होड्या सवयीने बोलू लागल्या, हजेरी घ्यायला कुणी नसतानाही. बेलार्मिनोचा आवाज आला, "एस्त्रेया. काइवेनच्या मागे. नुसतं पाणी."

निएवेसने शालीच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली. डोकं जरा कलतं केलं, अगदी तिच्या आईसारखं. मग माझी कळ दाबली.

"ऐकलं," ती म्हणाली. "मामा, तुमचा आवाज बसलाय. श्वास लागतोय का? खरं सांगा."

पलीकडून आधी खोकला आला.

"लागतोय गं थोडा," मामा म्हणाला. "उद्या येतो तुझ्याकडे."

"आजच या. जपून या."

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याची धूळ पुसा, बॅटरीच्या टोकांवरचा गंज खरवडून काढा. ते अजून उपयोगाला येईल. आणि लांबून कुणी म्हणालं, 'इथं सगळं ठीक आहे', तर फोन ठेवायची घाई करू नका. दोन शब्दांच्या मधे थोडं थांबा आणि ऐका. मी आयुष्यभर आवाज पोचवले. ऐकायचं काम मात्र तुमचं आहे.