पंगत बसवा

कडूबाईच्या आमटीचं नाव काढलं की आजबी माझ्या डोक्यात तिडीक जाती. काय होतं वो त्या आमटीत? तूर तीच, मसाला तोच, पाणी आपल्या तेरणेचंच. पण आमचं मालक एकदा पारावर बसून म्हणले, "कडूबाईसारखी आमटी साऱ्या तेर भागात न्हाय," आन झालं! तवापास्नं बाई रस्त्यानं पदर झटकीतच चालायची.

मालकांच्या जिभेला तेवढी किंमत होती, म्हणून तर माझा जीव जळायचा. निजामाच्या काळात ते शिंदीच्या गुत्तेदाराकडं कामाला होते. सकाळी झाडावरनं मडकी उतरली की आधी ह्यांचा एक घोट. कुठली शिंदी ताजी, कुठली आंबली, कुणी पाणी घातलंय, सगळं अचूक सांगायचे. पुढं आपण मुंबई राज्यात गेलो, मागनं दारूबंदी आली, गुत्ता बंद पडला. मला वाटलं, चला, आता घरी बसतील. कसलं काय! लोक लग्नाकार्यात बोलवाय लागले. दर्ग्याच्या उरसात खाजाभाईंच्या कंदुरीच्या जेवणालाबी ह्यांचाच मान. आचाऱ्यानं पळी पुढं करायची, ह्यांनी तळहातावर थेंब घ्यायचा आन डोळे मिटायचे. "चिंच कमी पडली." "फोडणी करपलीय." आन पसंत पडलं तर दोनच शब्द, "पंगत बसवा." त्याबिगर कुणाच्या मांडवात पत्रावळ पडत नव्हती.

आन घरी? घरी खाली मान घालून जेवायचे. वीस वर्सं संसार झाला, पण चांगलं न्हाय की वाईट न्हाय. म्या इचारायची, "कसं झालंय?" तर म्हणायचे, "वाढ आणखी." आता ही काय तारीफ हाय व्हय? गावातल्या बायांना शाबासकी, आन घरच्या बाईला "वाढ आणखी"!

मग आमच्या सत्यभामाचं लगीन ठरलं. एकुलती एक लेक, स्थळ तेरखेड्याजवळच्या वाशीचं. याद्या झाल्या आन मालक हळूच म्हणले, "आमटीला कडूबाईला सांगावं म्हणतो."

"काय?" म्या हातातली परात तशीच आदळली. "माझ्या लेकीचं लगीन, आन चुलीवर ती भवानी? मग मला धाडा माहेरी, आन कन्यादानालाबी तिलाच बसवा की शेजारी!"

"अगं, वऱ्हाड वाशीचं हाय. कुणी नाव ठेवलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

"म्हंजी माझ्या आमटीला नाव ठेवतील?"

मालकांनी याद्यांचा कागद घडी करून खिशात घातला. ते बघून माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. दोन दिस बोलले न्हाय म्या.

शेवटी माझा भाऊ दगडोबा मधी पडला. "दोन हंडे करा," म्हणला. "एक अक्काचा, एक कडूबाईचा. दाजी चाखतील. ज्याला पंगत बसवा म्हणतील ती आमटी वऱ्हाडाला, दुसरी गावाला." मला हे लई पटलं. आता साऱ्या मांडवापुढं ह्यांना माझी आमटी जिभेवर घ्यावीच लागणार होती. मला दुसरं काय नको होतं. ते दोन शब्द पाहिजे होते.

लगीन गोरजाचं होतं, वऱ्हाडाची पंगत दुपारी. मांडवामागं दोन चुली पेटल्या. कडूबाई मजेत चाखत चाखत करत होती. माझा उपास, म्या हाताच्या अंदाजानं करत होते. मीठ टाकलं, हंडा ढवळला. तेवढ्यात मालक कडूबाईच्या चुलीपाशी थांबले आन ती काहीतरी बोलली तशी हसले. एवढं हसायला काय झालं होतं? माझा हात मिठाच्या परातीतच होता. भरली मूठ आन टाकली.

वऱ्हाड हात धुऊन बसलं. दगडोबानं दोन्ही हंड्यातल्या पळ्या आणल्या. मालकांनी सवयीनं तळहात पुढं केला आन तसाच मागं घेतला.

"दगडोबा, आरं, माझा उपास हाय की!"

देवा! कन्यादान होईस्तवर आईबापानं उपाशी ऱ्हायचं, हे साऱ्या गावाला ठावं. पण ह्यांच्या जिभेलाबी उपास असतो, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माझ्यासुदिक न्हाय.

"मग आता कुणाची वाढायची, दाजी?"

मालकांनी कडूबाईच्या पळीकडं बघितलं. "हिची कन्यादान झाल्यावर चाखीन. दुसऱ्याचं न चाखता म्या सांगत न्हाय." मग माझ्या हंड्याकडं बोट केलं. "ही वाढा. पंगत बसवा."

"न चाखता?"

"घरचं कोण चाखत बसतंय? वीस वर्सं जेवतोय म्या."

अगं बाई! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कडूबाईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हणलं मनात, आता जळ, लई दिस म्या जळले.

आमटी वाढली. पहिला घास गेला. मग जो तो पाणी मागाय लागला. नवऱ्या मुलाचा चुलता, कल्याणप्पा त्याचं नाव, मालकांना मोठ्यानं म्हणला, "बलभीमराव, मिठाचं पोतं फुकट मिळालं का वो?" सारा मांडव हसला. मागनं कुणीतरी म्हणलं, "इथनं पुढं चाखायला बंडप्पा आचाऱ्याला बोलवावं, ह्यांची जीभ गेली." बोहल्याआड सत्यभामानं मान खाली घातली.

दगडोबा पळत कडूबाईचा हंडा घेऊन आला. ती स्वतः वाढाय निघाली, पदर खोचून, पंगतीच्या या टोकापास्नं त्या टोकापर्यंत. वऱ्हाड भुरके मारीत जेवलं. माझ्या लेकीच्या लग्नात!

मालक खांबापाशी हात जोडून उभे होते. "चूक माझी हाय, पाव्हणं," म्हणले. "म्या न चाखता बोललो." माझं नाव घेतलं न्हाय.

कन्यादान झालं. बाहेर तेरखेड्याची शोभेची दारू उडत होती, पोरं ओरडत होती. आम्ही दोघं उपास सोडायला बसलो, तशी कडूबाई वाटी घेऊन आली. "घ्या भाऊजी, चाखीन म्हणला होता." म्या मनात म्हणलं, झालं, आता ही जाताजाता शाबासकीबी घेऊन जाणार.

मालकांनी वाटीवर हात आडवा धरला. "मला घरची."

"अवं, नका," म्या म्हणलं. "जीभ जळंल."

ऐकलं न्हाय. भाकरी कुस्करली, माझ्या हंड्यातली आमटी वर वतून घेतली आन रोजच्यासारखी मान खाली घालून जेवाय लागले. कपाळाला घाम आला, तांब्याभर पाणी पिले. माझ्यानं ऱ्हावलं न्हाय.

"कसं झालंय?"

"वाढ आणखी."

म्या वाढली. कडूबाई वाटी हातात धरून तशीच उभी होती.