खडूचा गोल

“मामा, ही चावी तर घट्ट आहे की!” मुकादमाने पुन्हा हातोडा घातला. ठण्ण! रुळाला स्लीपरशी जखडणारी पोलादी चावी तसूभरही हलली नाही. “मग गोल कशाला काढलात?”

रोज आठ किलोमीटर रूळ पायी तपासायचे आणि सैल चावी सापडली की स्लीपरवर खडूने गोल काढायचा, हे काम मामा एकतीस वर्षं करत होते. त्यांचा गोल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो दिसला की दुरुस्ती होईपर्यंत तिथे दुसरं काही काम करायचं नाही, असा नियमच होता. आज तण मारायच्या औषधाची ट्रॉली त्या गोलापाशी अडून बसली होती.

“चूक झाली,” मामा पुटपुटले.

“तुमची? दुर्बीणमामांची?” मुकादम हसला. चालता चालता खडीतली इवलाली रानफुलंही हेरतात, म्हणून गँगने त्यांना हे नाव ठेवलं होतं. मग त्याचं लक्ष स्लीपरच्या कडेला गेलं आणि हसू मावळलं. “फुलासाठी होय?”

मामांनी मान खाली घातली.

खरं तर ही नजर त्यांची नव्हतीच मुळी. ती लेकीची. एकोणीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी हट्ट धरून बाबांबरोबर आलेली ती सहा वर्षांची पोर इथेच फतकल मारून बसली होती. “बाबा, पाय नका ठेवू! निळं फूल आहे!” मामांना काही म्हणता काही दिसेना. शेवटी तिने त्यांची मानच धरून खाली वाकवली, तेव्हा कुठे दिसलं. तिळाएवढं! ते तोडायला गेले तर पोरीने हात धरला. “राहू दे ना. उद्या आईला आणू. तिला दाखवायचंय.”

संध्याकाळी तिला ताप भरला आणि चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

फूल मात्र दरवर्षी तिथेच यायचं. मामा बायकोला म्हणायचे, “अगं, चल ना एकदा.” ती म्हणायची, “नको हो. माझ्याच्याने नाही बघवणार. पुढच्या वर्षी बघू.” बघू बघू म्हणता एकोणीस वर्षं गेली.

“मामा, वरून हुकूम आहे,” मुकादम हळू आवाजात म्हणाला. “एक वीतही सोडता येणार नाही. पाच मिनिटं थांबतो, बास.”

मामांनी सदऱ्याच्या बाहीने गोल पुसला. उभ्या आयुष्यात काढलेला हा एकच खोटा गोल. लाज वाटली आणि रडूही आलं. मग गुडघे टेकून त्यांनी एक फूल खुडलं. हातोडा धरून धरून राठ झालेल्या बोटांत ते धरताच येईना. त्यांनी बोट जिभेला लावून ओलं केलं आणि टोकावर फूल चिकटवलं. मागे ट्रॉली सुरू झाली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

घर गाठेपर्यंत ते बोट त्यांनी तसंच उभं धरलं होतं. वाटेत गाडी धडधडत गेली, तेव्हा दुसऱ्या तळहाताचा आडोसा केला.

“अगंबाई, बोटाला काय लागलं?” बायकोने दारातच विचारलं.

“लागलं नाही. तिला तुला दाखवायचं होतं ना, ते आणलंय. आज तिथे औषध मारलं. आता नाही येणार.”

बायकोने पदराला हात पुसले, चष्मा चढवला आणि त्यांचं बोट धरून खिडकीपाशी नेलं. उजेडात मामांनीही पाहिलं. बोट वाळलं होतं. नखाच्या कडेला थोडी खडूची पूड होती, बाकी काही नव्हतं.

बायको बराच वेळ वाकून बघत राहिली.

“दिसलं हो,” ती म्हणाली. “निळं आहे.”

आणि तिने ते बोट सोडलं नाही.