एकतीस उंबरे

"तुम्ही हे बूट घातलेच नाहीत, बाई," शेखर साहेब म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा उज्वलाकडे वळवला.

पडद्यावर निळ्या रेघांची गिचमीड होती. उज्वलाला त्यातलं काही कळलं नाही, पण साहेबांच्या आवाजातलं सगळं कळलं. ज्या बुटांनी पंचेचाळीस दिवस चांदवडचा डोंगर तुडवला, ते या घडीला तिच्याच पायांत होते, टेबलाखाली, मुरमाच्या धुळीने लालसर झालेले. आणि हा माणूस तोंडावर सांगत होता की घातलेच नाहीत.

"घातले नाय तर झिजले कशानं साहेब? उंदरानं कुरतडले?"

बाजूला बसलेल्या मनालीने चेहरा कागदांत खुपसला. कंपनीच्या नव्या बुटाच्या चाचणीचं काम तिच्याकडे होतं, आणि या बाईंना शोधून आणणारीही तीच होती.

"हसण्यासारखं काही नाही," साहेब म्हणाले. "बुटाच्या तळाशी एक चकती आहे. पाय आत असला की ती नोंद करते. आमचा नियम होता, रोज सलग सहा तास. तुमची एकही नोंद वीस मिनिटांच्या वर जात नाही. घातला, काढला, घातला, काढला. दिवसातून एकतीस वेळा. असं कोण बूट घालतं? खरं सांगा, घरात दुसरं कुणी वापरत होतं का? मिस्टर वगैरे?"

"आमच्या ह्यांचा नुसता अंगठा यात बसला तरी म्या कंपनीला पेढे वाटीन."

ती हे हसत बोलली, पण आतून तिचा जाळ झाला होता. उज्वला बावीस वर्षं डाक सेविका होती. डोंगराच्या अंगावर विखुरलेल्या पाच वस्त्या तिच्याकडे होत्या, रोजची चाल अकरा किलोमीटर. या बावीस वर्षांत दारापर्यंत न जाता तिने एकदाही 'घर बंद' असं लिहिलं नव्हतं. ओढा फुगला म्हणून मागे फिरावं लागलं, तर 'ओढा फुगला' असंच लिहिलं. त्यावरून वरचे अधिकारी हसायचे. हसोत बापडे. तिच्यापाशी दागिना म्हणाल तर तेवढाच होता, तिने लिहिलेलं खोटं नसतं. आज नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्याच्या या थंडगार खोलीत तोच कुणीतरी हिसकावू पाहत होतं.

मनाली तिला भेटली होती ती राजधेर किल्ल्याच्या वाटेवर, एका शनिवारी. मनाली आणि तिच्या मैत्रिणी काठ्या टेकत, धापा टाकत वर निघालेल्या. वरच्या वस्तीतून उज्वला खाली येत होती, खांद्याला पिशवी, पायात रबरी चप्पल, आणि चाल अशी की जणू अंगणात वाळवण पाहायला निघाली आहे. मनाली थांबली ती थांबलीच. कंपनी एक हलका बूट काढत होती, डोंगरालाही चालेल आणि रोजलाही. चाचणीला बारा माणसं हवी होती, अकरा मिळाली होती.

"मावशी, तुमच्याइतकं रोज कुणी चालतच नाही," ती म्हणाली होती. "पंचेचाळीस दिवस घाला आणि जे वाटेल ते खरं लिहा. चाचणी झाली की बूट तुमचेच."

जे वाटेल ते खरं लिहा. उज्वलाला हे फार आवडलं. खरं लिहा असं तिला कुणी विनंती करून सांगितलं नव्हतं.

आणि बूट होतेही गुणाचे. पहिल्या दिवशी हातात घेतले तर वाटलं, आत काही घालायचं राहिलं की काय, इतके हलके. भुरभुऱ्या मुरमाच्या उतारावर चप्पल हटकून घसरायची, तिथे हे पाऊल धरून ठेवत. डावा गुडघा दहा वर्षांपासून संध्याकाळी बोलायचा, तो आठ दिवसांत गप्प झाला. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलंही, "आजवर उगाच रबराशी संसार केला." कंपनीच्या कागदावर डोंगराच्या रकान्यात तिने दहापैकी नऊ लिहिले. दहा कुणालाच द्यायचे नसतात.

खोट निघाली ती रोजच्या वापरात. चप्पल कशी, दारात सोडली की सुटली आणि निघताना पाय सरकवला की आली. बुटाला मात्र गुळगुळीत गोल नाडी, सहा सहा भोकं, आणि साधी गाठ मारली की शंभर पावलांत सुटणारी. म्हणून दुहेरी गाठ. मग दारात वाकायचं, गाठ सोडायची, नाडी सैल करायची, पाय काढायचा. आत जायचं. बाहेर येऊन पुन्हा वाकायचं. बुटाची आत दुमडलेली जीभ ओढून सरळ करायची, टाच कोंबायची, गाठ. तिने चलाखी करून गाठ न सोडता पाय कोंबून पाहिला, तर अठराव्या दिवशी मागची कड बसली आणि टाचेला फोड आला. दिवसाला एकतीस घरं. डोंगरावर बुटाने जो गुडघा बरा केला होता, त्याचं देणं उंबऱ्यावर कंबर फेडू लागली.

बरं, आत गेल्याशिवाय भागतही नाही. उन्हाळ कांद्याच्या काढणीत धडधाकट माणसं शेतात, घरात उरतात म्हातारी. पेन्शनसाठी त्यांचा अंगठा यंत्रावर घ्यायचा, आणि रेंज कुठे येईल याचा नेम नाही. एका घरी ती देवळीपाशी येते, दुसऱ्या घरी थेट चुलीमागे. तिथवर धुळीचे बूट घालून कोण जाणार?

बाविसाव्या दिवशी उज्वला कंटाळली. दुपारचं ऊन डोक्यावर, अजून नऊ घरं बाकी. बुद्धविहारामागच्या कुसाबाईंच्या दारात ती उभी राहिली, खाली बुटांकडे पाहिलं आणि तिने बाहेरूनच हाक मारली. कुसाबाई ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी अधू. मुंबईच्या नातवाचं पाकीट आलं होतं. उज्वलाने ते उंबऱ्यावरून आत सरकवलं.

म्हातारी चाचपडत आली. पाकीट तिने उचललं नाही.

"आत नाय येत का गं?"

"आजी, घाईत हाय. बुटाच्या नाड्या लय किचकट."

"बूट व्हय." कुसाबाई चौकटीला टेकल्या. मग कुणाला बोल लावावा तशा नाही, जुनी गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, "तुझ्या आधी एक बाप्या होता. चांगला होता बिचारा, पर कागद तिथूनच टाकायचा. मंग तू आलीस. पहिल्याच दिशी चप्पल काढलीस, आत येऊन माठातलं पाणी हातानं घेतलंस. त्या रातीला मी आमच्या म्हाताऱ्याला म्हनलं, पोस्ट घरात आलं बरं का."

उज्वलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे बसून तिने नाड्या सोडायला घेतल्या, आणि नेमकी गाठ बसली. ती सुटेना. ती नखांनी सोडवताना डोळ्यांत पाणी आलं ते टाचेच्या फोडाचं नव्हतं. आत जाऊन तिने पाणी घेतलं, पाकीट फोडून पत्र वाचून दाखवलं, वर गूळ-शेंगदाणे खाल्ले. त्या संध्याकाळी रोजच्या वापराच्या रकान्यात तिने दहापैकी दोन लिहिले आणि खाली नेमकं काय अडतं ते बारीक अक्षरात अर्धं पान लिहिलं.

हेच अर्धं पान आता साहेबांच्या पुढे पालथं पडलं होतं.

"बाकीच्या अकरा जणांनी रोजच्या वापराला आठच्या खाली दिलेलं नाही," साहेब म्हणाले.

"त्यांचं रोजचं म्हंजे काय साहेब?"

"कॉलेज, ऑफिस, जिम."

"म्हंजे सकाळी घातला, राती काढला. त्यांना दोन उंबरे. मला एकतीस."

साहेब हसले. माणूस दुष्ट नव्हता. त्याला येत्या महिन्यात बूट बाजारात आणायचा होता, एवढंच. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाजात साखर घातली.

"हे बघा उज्वलाताई. तुमचे डोंगराचे नऊ आम्हाला हवे आहेत. खोक्यावर तुमचा फोटो टाकायचा विचार आहे. डोंगरात चालणारी पोस्टाची बाई, लोकांना आवडेल. फक्त नियमात बसायला हवं. इथे लिहिलंय, 'रोज सलग सहा तास वापरला.' एवढ्यावर खूण करा आणि सही करा. रोजच्या वापराचा आकडा आम्ही सरासरीने घेऊ. बूट तुमचे, शिवाय आणखी एक जोड देतो. नाहीतर तुमची चाचणी बाद, आणि मी तरी काय करणार?"

खोलीत यंत्राची गार हवा घुमत होती. उज्वलाने पाय जरा हलवले. बूट खरंच हलके होते. पावसाळा दीड महिन्यावर होता, आणि गुडघा आता कुठे शहाणा झाला होता. खोटं कशाला बोला, तिला ते हवे होते. एक खूण काय ती. कुणाला कळणार होतं? कुसाबाईंना तर खोकंही दिसलं नसतं.

"नाय जमणार," ती म्हणाली.

"अहो, एका खुणेचा प्रश्न आहे."

"खुणेचाच हाय. सलग सहा तास बूट पायात होता असं म्या लिहिलं, तर त्याचा अर्थ काय होतो साहेब? सहा तासांत म्या कुणाच्या घरात गेलेच नाय. एकतीस घरी कागद उंबऱ्याबाहेरून टाकला. ते मी लिहिणार नाय. तुमची चकती खरं सांगती हाय. ती इमानदार हाय. तुम्हीच तिचं ऐकत नाय."

साहेबांच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली. "ठीक आहे. चाचणी बाद. मनाली, यांचा कागद काढून टाक."

"काढून टाका, तुमचा कारखाना हाय," उज्वला म्हणाली आणि उठायच्या ऐवजी खुर्चीत नीट बसली. "पर आधी पोच द्या."

"कसली पोच?"

"म्या कागद आणून दिला, तो मिळाला, याची. आमच्यात रजिस्टर टपाल दिलं की सही घेतल्याशिवाय उंबरा सोडत नाय." पिशवीतून तिने एक कोरा कागद आणि पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. "घ्यायचा नसंल तर तेही चालतं. मग लिहा, 'घेण्यास नकार'. खाली तारीख, वेळ आणि सही. लोकं रोज देतात, लाजायचं काय त्यात?"

साहेबांनी पेनाला हात लावला नाही. नकार लिहावा तर तो सहीनिशी कागदावर येतो, आणि पोच द्यावी तर कागद मिळाला हे कबूल होतं. बावीस वर्षांत कोर्टाच्या नोटिसा घेताना बड्या बड्या बागायतदारांची अशीच पंचाईत झालेली उज्वलाने पाहिली होती. तिला घाई नव्हती. शेवटची एसटी साडेसहाला होती.

पेन उचललं ते मनालीने. 'उज्वलाताईंचा चाचणी-अहवाल मिळाला. नोंद : दिवसाला एकतीस वेळा काढ-घाल. रोजच्या वापराला दोन गुण. कारणं सोबत.' खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

"मनाली," साहेब सावकाश म्हणाले, "तू काय करतेयस, कळतंय ना?"

"हो सर. मीच त्यांना सांगितलं होतं, खरं लिहा म्हणून."

उज्वलाने कागदाची घडी घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली, जिथे ती रजिस्टरच्या पोचा ठेवायची. साहेबांनी मग हातात उरलेलं एकच शस्त्र काढलं.

"बाद झालेल्यांनी बूट जमा करायचे असतात. नियम आहे."

"करते ना."

ती वाकली. उजव्या बुटाची दुहेरी गाठ. नखाने उकलली. नाडी एका भोकातून सैल केली, दुसऱ्यातून, तिसऱ्यातून. साहेबांनी घड्याळात पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा घड्याळात. एक बूट निघाला. डाव्याची गाठ बसली होती. ती तिने शांतपणे सोडवली, अजिबात घाई न करता. दोन्ही बूट टेबलावर जोडीने ठेवले तेव्हा मनाली भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पुटपुटली, "दोन मिनिटं दहा सेकंद."

उज्वलाने पिशवी उचलली आणि ती अनवाणीच दाराकडे निघाली.

"मावशी, माझ्या सँडल घालून जा," जिन्याशी मनालीने तिला गाठलं. "बाहेर ऊन किती आहे."

"तुला संध्याकाळपर्यंत इथं वावरायचं हाय," उज्वला म्हणाली, "आणि तेही आज. राहू दे तुझ्या पायात." तिने पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि जिना उतरली.

फाटकापासून बसथांब्यापर्यंत अर्धा किलोमीटर डांबरी रस्ता होता. वैशाखातली दुपार, दीड वाजलेला, झाड औषधालाही नाही. पहिल्याच पावलाला चटका टाळूपर्यंत गेला. अशा वेळी माणूस टाचा उचलून पळत सुटतो, आणि तिलाही पळावंसं वाटलं. पण वरच्या मजल्यावर काचेमागे माणसं उभी होती, हे तिला न बघताच कळत होतं. तिने पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि रोज चालायची तशीच चालत राहिली, पूर्ण पाऊल टेकवून.