कढई पेटली तेव्हाचा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे, रीळ घालायचा. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला, पण जग पाहिलं ते फोटोवाल्या बाईंच्या गळ्यात पडल्यावर. साध्या माणसांच्या आयुष्याची गोष्ट फोटोंतून सांगायची, हाच बाईंचा ध्यास होता.

एकदा त्यांनी अग्निशमन केंद्र निवडलं. जवानांचं शौर्य टिपायचं होतं. पण आम्ही जायला लागलो आणि शहरातल्या आगींनी जणू संपच पुकारला! जवान गाडी पुसत, पाइप गुंडाळत, मोजे वाळत घालत. मला पाहिलं की मात्र सगळे छाती फुगवून उभे राहत आणि कुणीतरी मोजे पाठीमागे लपवी. त्यांचे प्रमुख तर भारीच कडक. कामावर त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर ते पुतळ्यासारखे उभे राहत. बाई हिरमुसल्या. फोटोंचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं.

मग एका दुपारी आग लागली. केंद्राच्याच स्वयंपाकघरात.

गाडीच्या चालकाने कढईत तेल तापत ठेवलं होतं आणि तो गप्पांत रंगला होता. घंटा वाजताच जवान सवयीने हेल्मेट चढवून गाडीत जाऊन बसले. चालकाने इंजीन सुरू करून पत्ता विचारला. प्रमुखांनी मुकाट्याने आतल्या दाराकडे बोट दाखवलं आणि स्वतःच आत धावले.

बाई त्यांच्या मागे, मी बाईंच्या गळ्यात. प्रमुखांनी विझवायची पावडर फवारली. ढग विरला तेव्हा ते डोक्यापासून मिशीपर्यंत पांढरेशुभ्र झाले होते आणि हातात कढईचं झाकण ढालीसारखं धरलं होतं. दारात सगळे जवान श्वास रोखून उभे. प्रमुखांनी खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं आणि ते पोट धरून हसायला लागले. खट्! मी ते हसू पकडलं. माझ्या सांध्यांत पावडर गेली ती गेलीच. अजून मधूनमधून खोकतो.

प्रदर्शनवाल्यांना फोटो फारच आवडला. बाईंना मात्र चैन पडेना. फोटो त्यांचा होता, पण अब्रू दुसऱ्याची होती. त्या फोटो घेऊन प्रमुखांच्या घरी गेल्या.

प्रमुख फोटो घेऊन खिडकीशी गेले. मग हळूच म्हणाले, "हा लोकांनी पाहिला तर केंद्रातली माझी पोरं माझं ऐकतील का?"

त्यांच्या बायकोने फोटो हातात घेतला आणि हसून हसून डोळे पुसले. "ऐकतील की," त्या म्हणाल्या. "घरी तुम्ही असेच तर असता. त्यांनाही कळू दे."

प्रमुखांनी घसा खाकरला. "लावा मग. पण खाली ठळक लिहा, आग विझली."

प्रदर्शनात त्याच फोटोपुढे सर्वांत जास्त गर्दी झाली. जवान रांगेने आले, साहेबांच्या फोटोला त्यांनी कडक सलाम ठोकला आणि मग सगळेच खिदळले. साहेबसुद्धा.

आता बाईंकडे नवा कॅमेरा आहे. मी कपाटात धूळ खात असतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर अधूनमधून मऊ कापडाने पुसा. आणि कुणाचाही फोटो काढलात, तर जगाच्या आधी तो त्याच माणसाला दाखवा. तो हसला, की मग खुशाल तुम्हीही हसा.